लायन गेटची विक्रांत आणि मग चौपाटी

रविवारी दुपारी नातीला घेऊन मुंबईत नौदलाच्या गोदीच्या लायन गेटला गेलो. विक्रांत या जुन्या विमानवाहू जहाजाचं स्मारक बघायला जायचं म्हटल्यावर तिला वाटलं, जहाजच दिसणार. चौकात पोचल्या पोचल्या म्हणाली, "आजोबा, जहाज कुठाय?"

समोर होतं ते शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी विक्रांतच्याच लोखंडातून घडवलेलं शिल्प. २०१६ च्या जानेवारीत त्याचं अनावरण झालं. मी नेव्हल डॉकयार्डात बॉयलर फिटर होतो. तीस वर्षं याच लायन गेटमधून आत-बाहेर केली. विक्रांत रीफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला आली की आमचे दिवस तिच्या पोटात जायचे. चार बॉयलर होते, आणि त्या खोल्यांतली उष्णता अंगाला आजही आठवते. ऐंशीच्या दशकात विमानं उडवायचं तिचं वाफेवरचं कॅटापल्ट निघालं आणि सी हॅरियर विमानांना झेप घेता यावी म्हणून डेकचा पुढचा भाग उचलून स्की-जंप केला, तेही आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

नातीला मी तिथेच फुटपाथवर उभं राहून १९७१ चं युद्ध सांगितलं. ४ डिसेंबरला आपण नौदल दिन पाळतो तो कराचीवरच्या हल्ल्यासाठी. पण त्याच दिवशी तिकडे बंगालच्या उपसागरात विक्रांतवरून सी हॉक विमानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेली होती. विक्रांतला बुडवायला निघालेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी स्वतःच विशाखापट्टणमजवळ तळाला गेली. हे सांगणारं कुणी बरोबर असेल तर पोरांना इथे आणण्यात अर्थ आहे. नुसतं आलात तर पाच मिनिटांत फोटो काढून निघाल.

खंत एकच. विशाखापट्टणमला आर. के. बीचवर कुरसुरा पाणबुडी २००२ पासून अख्खी ठेवली आहे, लोक आत फिरून येतात. आपली विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ साली दारूखान्यात, मुंबईतल्या जहाजं तोडायच्या जागी, तोडायला गेली. सातशे फुटांचं जहाज सांभाळणं सोपं नव्हतं, हे मला कळतं. तरी दारूखान्याकडे तेव्हा माझे पाय वळले नाहीत. म्हणूनच हे शिल्प मला मोलाचं वाटतं. निदान तिचं लोखंड तिच्या गोदीच्या दारात तरी आहे.

जायचं तर रविवारीच जा, एरवी गाड्यांच्या गर्दीत नीट थांबता येत नाही. तिकीट नाही. गोदीच्या गेटकडे कॅमेरा वळवू नका. चर्चगेटहून रमतगमत वीसेक मिनिटं लागतात.

परतताना चर्चगेटहून लोकल पकडून चर्नी रोडला उतरलो. पोरांना जहाजाची गोष्ट सांगितली की समुद्र दाखवायलाच हवा. गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्याला हात जोडले. १९२० साली त्यांचा अंत्यविधी याच वाळूवर झाला होता. भेळ घेतली, तिला तिखट कमी. पाण्यात उतरू दिलं नाही, इथलं पाणी त्यासाठी नाहीच. सूर्य मलबार हिलच्या मागे जाईपर्यंत वाळूत बसलो.

तिने बोटाने लांबलचक जहाज काढलं, पुढे उचललेलं टोकही काढलं. डेकवरचा मनोरा मात्र डाव्या बाजूला काढला होता. तो मी पुसायला लावला आणि उजवीकडे काढून घेतला.