सेंट जॉनला कासवं बघायची: अख्खी कॅटामरान, शेअर बोट की साधी फेरी?

कॅरिबियन समुद्रातल्या यूएस व्हर्जिन आयलंड्सला जायचं ठरलं की विमान आणि राहायची जागा एका रविवारात ठरून जाते. घोडं अडतं ते बोटीपाशी. सेंट थॉमसला उतरायचं आणि शेजारच्या सेंट जॉनच्या समुद्रात स्नॉर्केलिंग करायचं, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघायचं, इथवर सगळ्यांचं एकमत असतं. मग कुणीतरी ग्रुपवर खासगी कॅटामरानचा, म्हणजे जोडहोडीसारख्या मोठ्या बोटीचा, दिवसाचा दर टाकतं आणि अर्धा दिवस कुणी काही बोलत नाही.

दोन ट्रिपांत मिळून आम्ही तिन्ही प्रकार करून पाहिले. पहिल्या वेळी, आई-बाबांसह, शेअर बोट. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा एक दिवस फेरीने, म्हणजे दोन बेटांमध्ये ये-जा करणाऱ्या प्रवासी बोटीने, आणि एक दिवस अख्खी कॅटामरान घेऊन. दुसऱ्या वेळी आम्ही नऊ जण होतो: आम्ही दोघं, आमचा मुलगा, भारतातून आलेले आई-बाबा, भाऊ-वहिनी आणि त्यांच्या दोन मुली. तुमच्याही घरात अशीच लहानथोर सरमिसळ असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

आधी जागा समजून घ्या, निम्मा निर्णय तिथेच होतो. सेंट जॉन बेटाचा जवळपास साठ टक्के भाग राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यान १९५६ चं, आणि १९६२ मध्ये हद्द वाढवून भोवतालचा समुद्रतळही त्यात घेतला गेला. उत्तर किनाऱ्यावर हॉक्सनेस्ट, ट्रंक बे, सिनॅमन, माहो, फ्रान्सिस अशी एकापुढे एक पांढऱ्या वाळूची वळणं आहेत. माहोच्या उथळ पाण्यात समुद्री गवताचं कुरण आहे आणि हिरवी कासवं तिथे चरतात. गाय माळावर चरते तशीच, मान खाली घालून, पुढच्या पुढच्या गवताला तोंड लावत. आता महत्त्वाची गोष्ट: या किनाऱ्यांना लागून डांबरी रस्ता जातो. नुसतं कासव बघायचं असेल तर बोट लागतच नाही.

म्हणून फेरीपासून सुरुवात करते. सेंट थॉमसच्या रेड हुक धक्क्यावरून फेरी वीसेक मिनिटांत सेंट जॉनच्या क्रूझ बेला पोचते. जाऊन-येऊन माणशी वीस डॉलरच्या आत. पुढे सफारी टॅक्सी, म्हणजे मागे बाक टाकलेला उघडा ट्रक, किनाऱ्यावर सोडतो. मास्क, पायात घालायचे फिन भाड्याने मिळतात. आमचा तो दिवस माणशी पन्नास डॉलरच्या आसपास पडला. नवखे असाल तर आधी ट्रंक बेला जा. तिथे पाण्याखाली माहितीच्या पाट्या लावलेली वाट आहे, शॉवर आणि स्वच्छतागृहं आहेत, प्रवेशाचं शुल्क मात्र पडतं. क्रूझ जहाजं लागतात त्या दिवशी ट्रंक बे फुलून जातो, तेव्हा सकाळी लवकर गाठा. गाडी भाड्याने घेणार असाल तर एक सूचना: इथे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात, आपल्याकडच्यासारखं, पण गाड्या अमेरिकेतल्या, त्यामुळे स्टिअरिंगही डावीकडेच. वळणावर समोरून येणारं वाहन चालवणाऱ्याला उशिरा दिसतं.

फेरीचा तोटा आईच्या पायांना कळला. वाळूतून सामान वाहायचं, सावलीसाठी झाड शोधायचं, आणि किनाऱ्यावरून कासवांपर्यंतचं अंतर पोहूनच कापायचं. सगळे बऱ्यापैकी पोहणारे असतील तर हा दिवस झकास जातो. दोघंच असाल तर मी डोळे झाकून हाच सुचवीन. चौघं असाल आणि पोहणारे असाल तरीही हाच.

शेअर कॅटामरान म्हणजे तिकीट काढून चाळीसेक अनोळखी लोकांबरोबर जायचं. आम्हाला पूर्ण दिवसाचे माणशी १६५ डॉलर पडले, जेवण आणि साहित्य धरून, टिप वेगळी. बोट देखणी, पुढच्या जाळीवर आडवं पडून वारा खाण्यात मोठं सुख. दोन थांबे झाले, प्रत्येकी पाऊण तास. पण पाऊण तासातली पंधरा मिनिटं सूचना ऐकण्यात आणि फिनचा नंबर जुळवण्यात जातात, शेवटची दहा शिडीपाशी रांगेत. परतीच्या वाटेवर रम पंच आणि मोठ्याने गाणी. मित्रमंडळींना, नव्या जोडप्यांना ते आवडतंच, आवडावंही. आईला शाकाहारी म्हणून जे मिळालं ते गुंडाळलेलं सॅलड होतं.

आणि बाबा पाण्यात उतरलेच नाहीत. बाबा ७३ वर्षांचे. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. पण तोंडाने श्वास घ्यायचा म्हटलं की त्यांचा जीव घाबरा होई, त्यात मास्कमध्ये पाणी शिरलं. शिडी धरून ते वर आले आणि “तुम्ही जा, मी इथून बघतो,” म्हणून बसून राहिले. क्रूचे तिघं आणि माणसं चाळीस. एकट्या बाबांसाठी कोण थांबणार? मला ते घरी आल्यावरही लागून राहिलं होतं.

दुसऱ्या वेळी अख्खी बोट घेतली ती खरं तर यासाठीच.

कॅटामरान म्हणजे दोन लांबट होड्या शेजारी ठेवून वर एकच डेक टाकावा तशी बोट. एका बाजूला कलत नाही, डेकवर सावली आणि सरळ चालता येईल अशी जागा असते, आणि दोन्ही होड्यांच्या मागच्या टोकाला पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या असतात. वयस्कर माणसासाठी या पायऱ्या सोन्यासारख्या. उडी मारायची नाही, उभ्या शिडीवर लोंबकळायचं नाही. बसायचं आणि सरकायचं.

आमच्या बोटीवर कप्तान आणि मदतीला एक मुलगी होती. तिने पहिल्याच मिनिटाला दुखणं ओळखलं: मिशी. केसांमुळे मास्कची कड ओठावर नीट बसत नाही आणि पाणी आत येतं. तिने मिशीवर व्हॅसलिन चोपडलं आणि मास्कचा पट्टा उलट थोडा सैल केला, कारण फार आवळला की कड वाकडी होते आणि जास्तच गळते. मग ती बाबांच्या शेजारी पायऱ्यांवर कमरेएवढ्या पाण्यात बसली. दहा मिनिटं नुसतं तोंड पाण्यात घालून श्वास. मग काखेत फोमची नूडल देऊन दोन हात पुढे, परत पायरीवर. पुन्हा चार हात पुढे. पंचवीस मिनिटं गेली, घाई कुणीच केली नाही, कारण बोट आमचीच होती. मुलं तोवर खडकांपाशी पोपटमाशांच्या मागे होती. ते मासे प्रवाळ कुरतडतात त्याचा कुडुमकुडुम आवाज पाण्याखाली ऐकू येतो.

शेवटी ती बाबांचा हात धरून निघाली. खाली कासव गवत तोडत होतं, पाठीवर एक लांबट रेमोरा मासा चिकटलेला. थोड्या वेळाने ते श्वास घ्यायला वर आलं. बाबांपासून सात-आठ फुटांवर डोकं बाहेर काढलं, फुस्स करून हवा सोडली आणि सावकाश परत खाली गेलं. बाबांनी मास्क कपाळावर सरकवला आणि विचारलं, “अजून किती वेळ आहे आपल्याकडे?”

तर हिशेब. पूर्ण दिवसाचे २,२०० डॉलर, जेवणासकट. त्यावर वीस टक्के टिप, म्हणजे २,६४०. नऊ जणांत माणशी २९३. तेच नऊ जण शेअर बोटीने गेले असते तर पंधरा टक्के टिप धरून माणशी १९० च्या आसपास. फरक माणशी शंभर डॉलरचा. हे आमचे आकडे आहेत, तुमच्या तारखेला बोटीनुसार आणि हंगामानुसार बदलतील, पण प्रमाण साधारण असंच राहतं. हीच बोट चौघांनी घेतली तर माणशी ६६० होतात, आणि तेवढ्याचं मोल तिथे वसूल होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सहा ते दहा माणसं आणि त्यात न पोहणारं किंवा घाबरणारं एक तरी असेल, तर अख्खी बोट घ्यावी.

स्पीडबोटचा पर्यायही समोर येईल. ती वेगात कॅटामरानला मागे टाकते, एका दिवसात चार-पाच जागा होतात. पण लाटांवर आपटत जाते, पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तिच्या वाटेला जाऊ नये. लहान बोटीवर टॉयलेट असेलच असं नाही, आणि इंधन दरात धरलं आहे की वेगळं, हे विचारून घ्यावं लागतं. पाच-सहा तरुण मंडळींना ती छान.

कॅटामरानच्या वेगाबद्दल मनात भलती चित्रं ठेवू नका. सेंट जॉन पूर्वेला आहे आणि व्यापारी वारे पूर्वेकडूनच येतात, म्हणजे जाताना वारा तोंडावर. सकाळी बहुतेक वेळ इंजिनवरच जातात, शीड खरं खुलतं ते परतताना. दोन किंवा तीन थांबे, त्याहून जास्त मागू नका. मागायचेच तर असे मागा जिथे रस्ता पोचत नाही. लाइन्स्टर बेमधलं वॉटरलेमन हे चिमुकलं बेट मला सर्वांत आवडलं. गाडीने गेलात तर पुढे जवळजवळ मैलभर पायवाट आणि मग पोहणं. बोट मात्र आखातात जाऊन उभी राहते. तिथे वाळूवर ताटलीएवढे जाड तारामासे पडलेले दिसतात. त्यांना उचलू नका, कासवांनाही हात लावू नका, कायद्याने बंदी आहे.

प्रवाळाबद्दल मात्र खरं तेच सांगते. जाहिरातीतली रंगीत बाग डोळ्यापुढे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. २०१९ च्या सुरुवातीला सेंट थॉमसजवळ प्रवाळांच्या ऊती झडण्याचा रोग आढळला आणि तो पसरला. २०२३ च्या उष्ण उन्हाळ्यात बरेच प्रवाळ पांढरे पडले. मला स्वतःला मेलेल्या फांद्या बघून वाईट वाटलं. तरीही मासे, समुद्रपंखे (पंख्यासारखी लवचिक प्रवाळं), स्टिंगरे भरपूर आहेत, आणि ज्यांनी स्नॉर्केलिंग फक्त मालवणला केलंय त्यांना पाण्याचा नितळपणा बघूनच हरखायला होईल. उरलेलं प्रवाळ जपायला या बेटांनी ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर २०२० पासून बंदी घातली आहे. झिंक ऑक्साइडचं घरूनच घेऊन जा. त्याहून चांगलं म्हणजे लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे. आईने लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड घातला होता, तिला संकोच वाटला नाही आणि पाठही भाजली नाही.

बुकिंगआधी विचारायचं ते सगळं फोनवर विचारा. पहिला प्रश्न माणसांचा: कागदोपत्री किती प्रवाशांची परवानगी आहे? अमेरिकी नियमांत सहा हा आकडा महत्त्वाचा आहे, त्याहून जास्त प्रवासी न्यायला बोटीला वेगळी मंजुरी लागते. आमच्या नऊ जणांसाठी दोन बोटी इथेच बाद झाल्या. पाण्यात आमच्याबरोबर कुणी उतरणार का, हा दुसरा प्रश्न, आणि माझ्या लेखी सर्वांत मोठा. काही ठिकाणी क्रू डेकवरूनच लक्ष ठेवतो; मग एवढे पैसे कशाला द्यायचे? तिसरं, हवामानामुळे कप्तानाने रद्द केलं तर पैसे परत की तारीख बदलून. जेवणाचं आधीच बोला. आम्ही अंडं, मासे, चिकन काहीच नको असं लिहून पाठवलं होतं, तर भाजलेल्या भाज्या, भात आणि काळ्या घेवड्याची उसळ म्हणावी असं काहीतरी गरम मिळालं. तिखटमिठाच्या पुऱ्या आम्ही नेल्याच होत्या, कप्तानाने दोन खाल्ल्या.

हंगाम: डिसेंबर-जानेवारीत वारा जोरात असतो, तिथे त्याला ख्रिसमस विंड्सच म्हणतात, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात, त्या दिवशी उत्तर किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग होत नाही. शाळांच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच. जमत असेल तर एप्रिल-मे धरा. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जपून; २०१७ च्या सप्टेंबरमध्ये अर्मा आणि मारिया दोन आठवड्यांत पाठोपाठ आली होती. बोट लागत असेल त्याने गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही.

आणि ज्यांचा एच-वनबीचा, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाचा, पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलाय त्यांनी हे नीट वाचा. यूएस व्हर्जिन आयलंड्स हा अमेरिकेचाच भाग, म्हणून इथे येताना देश सोडला असं होत नाही. पण परतताना सेंट थॉमसच्या विमानतळावर कस्टम्स आणि इमिग्रेशनची तपासणी असते, पासपोर्ट आणि सगळी कागदपत्रं जवळ ठेवा, आई-बाबांचीही. कप्तान उत्साहाने म्हणेल, थोडं पुढे ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला जाऊ, गुहा दाखवतो. तो ब्रिटनचा प्रदेश आहे, अमेरिकेबाहेरचा. तिथे पाऊल टाकलं की अमेरिकेत नव्याने प्रवेश करावा लागेल, आणि संपलेल्या स्टॅम्पवर तो प्रश्न बोटीवर सुटणारा नाही. बुकिंग करतानाच सांगा की आम्हाला सेंट जॉनपुरतंच राहायचं आहे.

दिवसांचा क्रम असा लावा: पहिल्या दिवशी फेरीने ट्रंक बे, मास्कची सवय करायला. बोट दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी कधीच नाही, म्हणजे वाऱ्याने रद्द झाली तरी पुढची तारीख हाताशी राहते. आणि घरात कुणाला मिशी असेल तर व्हॅसलिनची डबी चेक-इनच्या बॅगेत टाका.