साइटवरचं कम्युनिकेशन: व्हॉट्सॲप ग्रुप की इन्स्ट्रक्शन बुक?

छोटी साइट सुरू करणारा जो तो हल्ली हेच विचारतो, की सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवरच चालवायचं की ते जुनं कार्बनवालं साइट इन्स्ट्रक्शन बुक (साइटवरच्या सूचना लिहून खाली सही घ्यायची वही) पण ठेवायचं. मोठ्या कंपन्यांचं सोडा, त्यांच्याकडे सॉफ्टवेअरही असतं आणि ते भरायला माणूसही असतो. मी बोलतोय सहा-सात मजल्यांच्या बिल्डिंगबद्दल, जिथे इंजिनियर एक, सुपरवायझर एक आणि आर्किटेक्ट सवडीने येणारा.

ग्रुपचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच आहे. कॉलमला हनीकोम्बिंग, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या, दिसलं की फोटो टाकला, कन्सल्टंटने ऑफिसात बसून बघितला, संध्याकाळपर्यंत ग्राउटिंगचं, म्हणजे त्या भरून काढायचं, ठरलं, हे बुकात होणं नाही. आणि बारबेंडिंगचा, म्हणजे सळ्या वाकवून बांधणाऱ्यांचा, मुकादम मुर्शिदाबादचा, तो आपलं बुक कशाला वाचतोय, त्याला हिंदीत व्हॉइस नोट टाकली की काम फत्ते. लेबर किती आलं, सिमेंट किती उरलं, लिफ्टवाला फोन उचलत नाहीये, असल्या गोष्टींना बुक काढणारा माणूस मला तरी भेटला नाही.

पण ग्रुपमध्ये माणसं वाढत जातात. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या क्लासमध्ये ते गणित शिकवतात ना, 5 माणसं असली तर आपापसात बोलायच्या 10 वाटा, 12 झाली की 66. ग्रुप केला की या 66 वाटा एका जागी येतील असं वाटतं, प्रत्यक्षात त्या सगळ्या तिथेच एकमेकींवर आदळतात, मधेच कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतो आणि ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती R2 की R3 ते वर कुठेतरी गडप.

तेही चालवून घेतलं असतं. मला नको झाला तो अंगठा.

झालं असं, की टॉयलेटचं सनक (पाइपांसाठी तिथली स्लॅब जेवढी खाली घेतात ते माप) आधी 300 एमएम होतं, मग कमोड बदलल्यामुळे 200 करायचं असं आर्किटेक्ट बोलता बोलता म्हणाले. मी ग्रुपवर सरळ विचारलं, सनक 300 ठेवायचं की 200? कन्सल्टंटकडून अंगठा आला. आता बोला! सुपरवायझरने त्याचा अर्थ 300 लावला, कारण ड्रॉइंगमध्ये तेच, प्लंबरने 200 धरलं, कारण साहेब तसं बोलले होते, आणि स्लॅबच्या सकाळी सेंटरिंग (स्लॅबचा साचा) एक सांगतंय, स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी ठेवलेली नळी) भलतंच. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी प्लांटवरून निघालेली, तिचा माल साधारण 2 तासांत उतरवावा लागतो, ती काय तुमची चर्चा संपायची वाट बघत नाही. कन्सल्टंटला फोन लावला तर म्हणे, मी मेसेज बघितला एवढंच सांगितलं होतं. आणि दुपारी बघतो तर अंगठा गायब, काढून टाकलेला. आपल्याकडे पूर्वी अंगठा उठवला की कागद पक्का व्हायचा, इथे उलटंच.

बुकात हे होत नाही असं नाही, पण अवघड जातं. "सनक 200 एमएम, टॉयलेट क्र. अमुक, मजला तमुक" असं लिहून खाली सही करायची म्हटलं की समोरचा माणूस लगेच ड्रॉइंग उघडतो. हा बदल मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, मोजमाप विचाराल तर माझ्याकडे नाही. पान फाडून एक कॉपी कन्सल्टंटला, एक कॉन्ट्रॅक्टरला, एक बुकातच. सरकारी कामांवर साइट ऑर्डर बुक असतंच, खाजगीत आपणच ते सोडून दिलं.

आणि हे भांडणापुरतं नाहीये. रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून 5 वर्षं स्ट्रक्चरच्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर आहे. तेवढ्या काळात किती फोन बदलतात, किती जण ग्रुप सोडून जातात बघा. चॅट कोर्टात चालत नाही असं नाही, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, सहीच्या पानाला ती भानगड नाही.

बुकाचे तोटे आहेतच. तिसरी कॉपी वाचायला भिंग लागतं, पावसात पानं चिकटतात, आणि "पुढच्या व्हिजिटला करतो सही" हे तर ठरलेलं वाक्य. ज्यांचे कन्सल्टंट शब्दाला पक्के आणि टीम वर्षानुवर्षांची, त्यांचं नुसत्या ग्रुपवर छान चालत असेलही, मी नाही म्हणत नाही.

मी मात्र आता माप, लेव्हल, सळीचा डाया (जाडी) आणि ड्रॉइंगची रिव्हिजन एवढं बुकातच घेतो, सहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकतो, आणि पोअर कार्डावर (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर) बुकाचा पान नंबर नसेल तर आरएमसीची ऑर्डरच देत नाही. बुक घेताना स्टेशनरीवाल्याकडून पान नंबर छापलेलंच घ्या, कोऱ्या नंबरचं घेतलं तर मधलं पान कधी गेलं कळतसुद्धा नाही.