मोठा फ्युएल पंप आणि वाढवलेला बूस्ट: काही महिने वापरल्यानंतर

जुन्या पंपात बिघाड असा काहीच नव्हता. कंपनीने ठरवलेल्या बूस्टला, म्हणजे टर्बो इंजिनात हवा कोंबतो त्या दाबाला, तो व्यवस्थित पुरत होता. बूस्ट ०.६ बारवरून १ बारवर नेला आणि तिथून कुरबूर सुरू झाली. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ५,००० आरपीएमपर्यंत एअर-फ्युएल रेशो (एक भाग पेट्रोलामागे किती भाग हवा) ११.६ च्या आसपास राहायचा आणि त्यापुढे हळूहळू १२.५ कडे सरकायचा. यात फसवं हे की मिश्रण जरा लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालं की गाडी उलट जास्त तरतरीत वाटते. नॉक (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात बसणारे ठोके) सुरू होईपर्यंत चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

अशा वेळी बरेच जण आधी इंजेक्टरवर संशय घेतात. माझं मत, आधी फ्युएल प्रेशर गेज लावा. पेट्रोलचं प्रेशर राखणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) पाइप जोडलेला असेल तर बूस्ट जितका चढेल तितकंच रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं, प्रेशर चढायला हवं. मूळ प्रेशर ३ बार असेल तर १ बार बूस्टला ४ बार. माझं गेज साडेतीनपर्यंत जायचं आणि तिथेच घुटमळायचं.

नवा पंप घेतला तो टाकीत बसणारा, ताशी २५५ लिटरचा. या आकड्यावर भाळू नये. तो ठरावीक प्रेशर आणि ठरावीक व्होल्टेजला मोजलेला असतो. प्रेशर वाढलं की तोच पंप कमी पेट्रोल देतो, व्होल्टेज पडलं की आणखी कमी. तरी हिशेब सोपा आहे: ३०० हॉर्सपॉवरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण लोडवर ताशी साधारण ११० लिटर लागतात. म्हणजे माझ्या कामाला हा पंप भरपूर.

पण सगळ्यात जास्त फरक पडला वायरिंगने. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपाच्या कनेक्टरवर जेमतेम ११.८. बाकीचे जुन्या बारीक वायरीने वाटेतच खाल्लेले. मग बॅटरीपासून जाड वायर थेट मागे नेली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला, मध्ये रिले बसवला आणि जुनी वायर फक्त रिले चालू करायला ठेवली. अर्थिंगही नवं केलं. आता पंपाला १३.५ मिळतात. नवा पंप घेऊन जुनी वायरिंग तशीच ठेवणाऱ्यांनी अर्धेच पैसे कामाला लावले असं मी म्हणेन.

बसवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी, ती म्हणजे टाकीच्या आतला छोटा होज. साधा फ्युएल होज आतून पेट्रोल सोसतो, पण पूर्ण पेट्रोलात बुडवून ठेवला की बाहेरून फुगतो, मऊ पडतो आणि क्लॅम्पमधून सटकतो. त्यासाठी बुडवून वापरायचा वेगळा होज मिळतो, त्यावर ३०आर१० असं छापलेलं असतं. झाकणाची ओ-रिंगही नवीच घाला. आणि टाकी उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. बंद गॅरेजमध्ये हे काम नकोच.

बसवल्यावर नवीनच डोकेदुखी: आयडलिंगला गाडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. पंप इतकं पेट्रोल ढकलत होता की मूळ रेग्युलेटरला ते परत टाकीत सोडणं झेपेना, आणि रेग्युलेटरचा मॅनिफोल्डकडचा पाइप काढून मोजलं तरी प्रेशर ३.४ च्या खाली येईना. ॲडजस्टेबल रेग्युलेटर लावून ते ३ वर आणलं, ईसीयूमधला (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला) पेट्रोलचा हिशेब, म्हणजे मॅप, पुन्हा ट्यून करून घेतला, तेव्हा कुठे प्लग काळे पडायचे थांबले.

आता बूस्ट. वेस्टगेटची (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंग ०.५ बारची आहे, म्हणजे तिला मिळणारा दाब ठरवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, पूर्ण बंद असला तरी तेवढा बूस्ट येणारच. त्याच्या वरचं सगळं सोलेनॉइडच्या ड्यूटीवर (तो किती टक्के वेळ चालू राहतो त्यावर). चौथ्या गिअरमध्ये लोड जास्त, त्यामुळे तिसऱ्यात बरोबर बसलेली ड्यूटी चौथ्यात क्षणभर १.२५ पर्यंत उसळी मारायची. गिअरनुसार वेगळी ड्यूटी दिल्यावर ते आटोक्यात आलं. टर्बो ते सोलेनॉइड हा पाइप शक्य तितका आखूड ठेवा, आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प हवाच. तो निसटला तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्टला लगाम राहत नाही. म्हणून १.३ बारला ईसीयूमध्ये फ्युएल कट ठेवला आहे. दुसरा कट प्रेशरवर: रेल आणि मॅनिफोल्ड यांतला फरक २.६ बारच्या खाली गेला की इंजिन लगेच ताकद सोडतं. या दुसऱ्या कटमुळे मी जास्त निर्धास्त आहे.

पेट्रोल पुरतंय म्हणून १.२ बारवरही चालवून पाहिली. लहान टर्बो तिथे नुसती हवा तापवतो, इनटेकचं तापमान चढतं, ईसीयू टायमिंग मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो) आणि हाती फारसं काही लागत नाही. १.१ वर उतरलो. आता वरपर्यंत रेशो ११.५ ते ११.७ मध्येच राहतो.

तक्रारी दोन. मागच्या सीटवर बसणाऱ्याला पंपाची कुईं ऐकू येते. मला सवय झाली, घरच्यांना नाही. आणि टाकी पाव भागाच्या खाली गेली की लांब वळणावर प्रेशरची सुई थरथरते, कारण पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. त्यासाठी टाकीत सर्ज पॉट (पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारा डबा) बसवायचा विचार आहे. तोवर टाकी अर्धी असल्याशिवाय जोरात पळवत नाही.