त्या ग्रुपमध्ये खरी मी एकटीच होते

शेअर बाजाराच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर झालेल्या फसवणुकीत माझे ६,३०,००० रुपये गेले. काही ग्रॅच्युइटीतले, काही मोडलेल्या एफडीतले. जुलैच्या सुरुवातीला प्रकरण सुरू झालं आणि गणपती विसर्जन झाल्यावर संपलं. तेव्हापासून एकच वाक्य ऐकतेय, नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, अगदी पोलीस ठाण्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांकडूनही: "हाव असली की माणूस फसतो." चार पैसे वाढावेत असं मलाही वाटत होतं, ते नाकारत नाही. पण निव्वळ हावेपायी मी फार तर पहिले २५,००० घातले असते. बाकीचे सहा लाख दुसऱ्याच गोष्टीनं नेले, आणि ती गोष्ट मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजातल्या मुलांना फळ्यावर रेघा काढून शिकवत होते. मी मानसशास्त्राची शिक्षिका. म्हणूनच हे सविस्तर लिहितेय. ज्याला सगळं माहीत आहे तोसुद्धा यात कसा अडकतो, हे कोणीतरी आतून सांगायला हवं.

आमची विक्रोळीची कन्नमवार नगरातली बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आहे. मी मुलुंड पूर्वेला भाड्याच्या घरात एकटी राहते. मुलगी खारघरला असते, रविवारी येते. जुन्या बिल्डिंगमध्ये दार उघडं टाकलं की दिवसभर कोणी ना कोणी डोकावायचं. इथे शेजारच्यांचं आडनाव कळायला मला चार महिने लागले. हे सांगायचं कारण पुढे येईल.

फेसबुकवर शेअर बाजार मोफत शिकवणाऱ्या वर्गाची जाहिरात दिसली. त्यावर बोट ठेवलं आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सामील झाले. नव्वदच्या आसपास माणसं होती. रोज रात्री आठ वाजता एक "प्रोफेसर" बाजाराबद्दल लिहायचे आणि त्यांची असिस्टंट आम्हाला वेगळे मेसेज करायची. पहिले दहा-बारा दिवस कोणी एक पैसाही मागितला नाही. शिकवलेलं बऱ्यापैकी बरोबरही होतं. असिस्टंट मला "ताई" म्हणायची आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करायची. डॉक्टरांकडे जायचा दिवस तिच्या लक्षात असायचा, माझ्या मुलीच्याही नसायचा.

पण मला ओढलं ते प्रोफेसरांनी नाही, असिस्टंटनेही नाही. ओढलं ते ग्रुपमधल्या इतर माणसांनी. ठाण्याच्या एक काकू होत्या, त्यांनी नफ्यातून गहाण पडलेलं मंगळसूत्र सोडवलं. बोरिवलीचे एक निवृत्त काका सुरुवातीला सारखे शंका काढायचे, "हे खरं कशावरून?" म्हणायचे. मला जे विचारायचं असायचं ते तेच आधी विचारायचे. मग हळूहळू त्यांचंही समाधान झालं आणि त्यांनी एक लाख काढल्याचा स्क्रीनशॉट टाकला. गौरी जेवल्या त्या दिवशी कोणी नैवेद्याच्या पानाचा फोटो टाकला, खाली वीस जणांनी हात जोडले. मीही जोडले.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन. त्या तिघींपैकी पहिलीएवढी कुठली, एवढंच सांगायचं. खोलीत सात-आठ जण बसलेले, पण त्यातला खरा फक्त एक. बाकीचे ॲशने आधीच पढवून ठेवलेले, आणि १८ पैकी १२ वेळा ते सगळे मिळून ठरवून चुकीची रेघ सांगायचे. एकट्याला विचारलं तर शंभरातलं एखादंही उत्तर चुकू नये इतकं हे सोपं. तरी त्या खोलीत साधारण एक तृतीयांश उत्तरं गटासारखी चुकीची आली, आणि चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारी रेघ सोडून इतरांचं ऐकलं.

मी दर वर्षी वर्गात हे करून दाखवायचे. सात मुलांना मधल्या सुट्टीत पढवायचं आणि आठव्याला शेवटच्या खुर्चीवर बसवायचं. त्या आठव्याचा चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. तो आधी रेघेकडे बघतो, मग शेजाऱ्याकडे, मग चष्मा पुसतो. आपलीच नजर बिघडली असावी असं त्याला वाटत असतं. आणि मग हळू आवाजात तो इतरांचं उत्तर देतो.

मुलुंडच्या त्या घरात, हातात फोन घेऊन, मी शेवटच्या खुर्चीवर बसले होते. ते मला कळलं नाही, कारण वर्गात ती सात मुलं दिसतात. फोनमध्ये दिसतात फक्त नावं आणि डीपी.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण तो भाग सगळ्यांच्या बाबतीत सारखाच असतो. त्यांनी दिलेलं ॲप घेतलं, २५,००० भरले. चार दिवसांत ३१,००० दिसले. असिस्टंट स्वतःच म्हणाली, थोडे काढून बघा. ५,००० काढले, वीस मिनिटांत बँकेत जमा. त्या ५,००० नी माझी शंका विकत घेतली. अमेरिकेत फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही घरांतल्या लोकांना विचारलं होतं, तुमच्या अंगणात "गाडी जपून चालवा" असा मोठा बेढब बोर्ड लावू का? जेमतेम १७ टक्के हो म्हणाले. पण ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाची एक छोटीशी पाटी खिडकीत लावली होती, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. एकदा लहान गोष्टीला हो म्हटलं की आपण स्वतःकडे "या कामात असलेली बाई" म्हणून बघू लागतो. पुढचा एक लाख मी फार विचार न करताच पाठवला.

त्यानंतरचा दिवस मात्र मला सावकाश सांगायचा आहे.

दोन लाख आरटीजीएसने पाठवायचे होते. एफडी मोडून मी शाखेत गेले. ज्याच्या खात्यावर पाठवायचे ते कुठल्याशा धान्याच्या व्यापाऱ्याचं चालू खातं होतं, आणि ते नाव लिहिताना माझा हात थांबला होता. काउंटरवरच्या तरुणाने स्लिप बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हे कोण तुमचे? कशासाठी पाठवताय? हल्ली फार फसवणूक चाललीय." आदल्या रात्री असिस्टंटने बजावलं होतं, बँकेत शेअरचं नाव काढू नका, ते आपल्या एफडी जाऊ नयेत म्हणून अडवतात. नात्यातले आहेत म्हणा. मी त्या मुलाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "भाच्याचं दुकान आहे. लग्नाच्या किराण्याचे पैसे." त्याने एकदा परत विचारलं. मी थोडी चिडून तेच सांगितलं. त्याने शिक्का मारला.

आयुष्यात मी इतकं सरळ खोटं क्वचितच बोलले असेन. आणि लक्षात घ्या, बँकेतून बाहेर पडल्यावर माझी शंका वाढली नाही, उलट गेली. व्यापाऱ्याच्या नावाने थबकलेला हात मी विसरले. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांचा १९५९ चा प्रयोग हेच सांगतो. विद्यार्थ्यांना तासभर अतिशय कंटाळवाणं काम दिलं आणि मग बाहेर थांबलेल्या पुढच्या व्यक्तीला "काम मजेदार आहे" असं सांगायला लावलं. काहींना त्याबद्दल २० डॉलर दिले, काहींना फक्त १. नंतर विचारल्यावर १ डॉलरवाल्यांनाच ते काम खरोखर बरं वाटू लागलेलं होतं. २० वाल्यांकडे खोटं बोलण्याला कारण होतं, पैसे. १ वाल्यांकडे पुरेसं कारण नव्हतं, म्हणून मनाने खोट्यालाच खरं करून टाकलं. मला तर कोणी काहीच दिलं नव्हतं. मी सरळमार्गी बाई, विनाकारण खोटं बोलणार नाही, म्हणजे हे काम चांगलंच असणार, असा मनाने हिशेब जुळवला. आठवड्याभरात मी माझ्या एका जुन्या सहकारी बाईंना या ग्रुपची लिंक पाठवली. त्यांनी ती उघडली नाही, हे माझं नशीब. तेवढं एक ओझं तरी माझ्यावर नाही.

शेवटचे ३,१०,००० आयपीओत गेले, म्हणजे एखादी कंपनी पहिल्यांदाच लोकांना शेअर विकते त्यात. मी ५०० शेअर मागितले होते, ॲपवर ४,००० "लागले". आता पूर्ण रक्कम भरा, नाहीतर खातं गोठेल. जमतील तेवढे भरले. मग पैसे काढायला गेले, तर आधी २० टक्के कर जमा करा.

इथे कोरडी माहिती देते, ती नीट वाचा. आपल्याकडे आयपीओचे पैसे अस्बा पद्धतीने आपल्याच बँक खात्यात अडवून ठेवले जातात आणि शेअर लागले तरच वजा होतात. कोणाच्याही चालू खात्यात पाठवायचे नसतात. मागितले त्यापेक्षा जास्त शेअर लागत नाहीत. नफ्यावरचा कर आपण सरकारला भरतो, पैसे सोडवून घेण्यासाठी ब्रोकरकडे नाही. आणि ब्रोकर किंवा सल्लागार नोंदणीकृत आहे का, ते शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या वेबसाइटवर नावानिशी बघता येतं. यातलं अस्बाचं मला पूर्वीपासून माहीत होतं. मी स्वतः त्या पद्धतीने दोनदा अर्ज केलेला आहे. तरीही मला ते त्या दिवशी आठवलं नाही, कारण ग्रुपवर सगळे "भरले, भरले" म्हणत होते.

रविवारी मुलगी आली. करापुरते पैसे तिच्याकडे उसने मागितले, म्हणून तिला कळलं. तिने माझ्या हातातला फोन घेतला, गौरीच्या पानाचा तो फोटो शोधला आणि पाच मिनिटांत दाखवला: कित्येक वर्षांपूर्वीचा, एका पाककृतींच्या पानावरचा. ठाण्याच्या काकूंचा डीपीही भलत्याच कोणाचा होता. "आई, यात तुझ्याशिवाय कोणी आहे का गं?" तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ॲशच्या प्रयोगाचा दुसरा भाग मी वर्गात नेहमी घाईत उरकायचे, तास संपत आलेला असायचा. पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरी रेघ सांगितली, तर शेवटच्या खुर्चीवरच्या त्या बिचाऱ्याच्या चुका चौथ्या हिश्श्यावर येतात. एकच माणूस पुरतो. असिस्टंटने पहिल्या आठवड्यापासून मला काय सांगितलं होतं? मुलीला आत्ता सांगू नका, नफा झाल्यावर सरप्राइज द्या. बँकेत सांगू नका. इतरांना सांगितलं तर जागा भरतात. मला वाटायचं ही गुप्तता व्यवहाराची आहे. ती होती माझ्यापासून तो एक माणूस तोडण्यासाठी. पुढे कधीही, कोणीही, कितीही गोड बोलून "घरी सांगू नका" म्हणालं, की तिथेच फोन ठेवा आणि घरी सांगा. घरी कोणी नसेल तर शेजारचं दार वाजवा, आडनाव माहीत नसलं तरी.

लाजेपायी मी आणखी दोन दिवस घालवले, ते तुम्ही घालवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवायची, व्यवहाराचे यूटीआर क्रमांक जवळ ठेवायचे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, जितकं लवकर कळवाल तितके पकडता येतात. माझे ४८,००० एका खात्यात अडवले गेले आहेत, ते परत मिळतील अशी आशा आहे. बाकीचे पुढे निघून गेले होते.

तक्रारीसाठी शिक्क्याचं स्टेटमेंट लागतं, म्हणून परत त्याच शाखेत जावं लागलं. काउंटरवर तोच मुलगा. मी त्याला सांगितलं, "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. भाचा नाही, दुकान नाही. माफ करा." तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याने मानेनेच कोपऱ्यातल्या खुर्चीकडे दाखवलं. तिथे एक आजोबा बसले होते, मांडीवर पासबुक आणि भरलेली आरटीजीएसची स्लिप. "अर्ध्या तासापासून समजावतोय," तो हळूच म्हणाला, "म्हणतात, पुतण्याला पाठवायचेत. माझं ऐकत नाहीत. तुम्ही बोलता का?"

मी आजोबांच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली.