उघडे अंगण की बंद खोली? पुण्यात इंडी आणि पंक बँड कुठे ऐकावेत

पुण्यात इंडी (मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय स्वतःची गाणी करणारा) किंवा पंक (वेगवान, खडबडीत रॉक वाजवणारा) बँड अगदी जवळून ऐकायचा असेल, तर साधारण दोन प्रकारच्या जागा समोर येतात. पहिली म्हणजे कोरेगाव पार्क-मुंढवा पट्ट्यातील उघडी रेस्टोबार, जिथे झाडांखाली टेबले मांडलेली असतात आणि एका टोकाला मंच असतो. दुसरी म्हणजे बंद खोली. प्रायोगिक नाटकांसाठी उभारलेले छोटे सभागृह किंवा बँडवाले एरवी जिथे तालमी करतात तो स्टुडिओ, ज्यातल्या खुर्च्या त्या संध्याकाळपुरत्या भिंतीला लावलेल्या असतात. मी बरीच वर्षे दोन्हीकडे जात आलो आहे. एकाच दिवशी दोन्हीकडे कार्यक्रम असले, तर आता माझी पावले बहुधा बंद खोलीकडे वळतात.

उघड्या जागेचे सुख खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. डिसेंबरातल्या पुण्याच्या हवेत, स्वेटर घालून, हातात काहीतरी गरम घेऊन गाणी ऐकण्याची तुलना कोंदट खोलीशी होऊच शकत नाही. कव्हर चार्जचा, म्हणजे प्रवेशासाठी घेतलेल्या पैशांचा, मोठा भाग खाण्यापिण्याच्या बिलात वळता होतो, आणि बरोबरच्या ज्या मित्राला संगीताचे फारसे वेड नाही, त्याचीही संध्याकाळ बरी जाते. पुण्याच्याच ‘ईझी वाँडरलिंग्ज’सारख्या हळुवार बाजाच्या बँडला तर मोकळे आकाश शोभून दिसते, असे माझे प्रामाणिक मत आहे. पावसाळ्यात मात्र या जागांचा भरवसा धरता येत नाही.

आवाजाच्या बाबतीत दोन्हीकडे काही द्यावे लागते आणि काही मिळते. उघड्यावर ऐकणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, त्याला परतवणाऱ्या भिंती नसतात आणि बास गिटारचा ठोसा तर मधल्या टेबलांपर्यंत पोहोचेस्तोवर विरून जातो. मागे बसलेल्यांना मग गाण्यापेक्षा शेजारच्या टेबलावरच्या गप्पाच स्पष्ट ऐकू येतात. बंद खोलीत याच्या नेमके उलट होते. तिथे ड्रम आणि गिटारचा अँप (तिचा आवाज वाढवणारी पेटी) थेट कानावर येतात, स्पीकरमधून बहुतेक फक्त गायकाचा आवाज येतो आणि तोही पुष्कळदा झांजांखाली दबून जातो. पंकमध्ये शब्दांना महत्त्व असते, त्यामुळे हा दोष लहान नाही. शिवाय १०० डेसिबलच्या पातळीला कानांनी दिवसात सुमारे १५ मिनिटेच राहावे, अशी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेची शिफारस आहे, आणि खोलीत ड्रमसमोर उभे राहिल्यास ती मर्यादा लवकर ओलांडली जाते. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे खिशात ठेवावेत, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

माझा निर्णय मात्र आवाजाने केला नाही, तो वेळेने केला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद सभागृहाला, आवाज आतल्या आत राहत असेल तर, यातून सूट आहे. पुणेकरांना हा नियम नवा नाही. रात्र रात्र चालणारा सवाई गंधर्व महोत्सवही त्यापुढे आटोपता झाला. शेजारी राहणाऱ्यांच्या झोपेचा विचार करता नियमाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती दहाची मर्यादा वर्षानुवर्षे ठाऊक असूनही कार्यक्रम उशिरा सुरू करण्याच्या सवयीबद्दल. जाहिरातीत आठ वाजताची वेळ असते, पण टेबले भरेपर्यंत थांबण्याकडे जागामालकांचा कल असतो. त्यातच तीन बँड असले, तर प्रत्येक अदलाबदलीत गिटारची पेडल, वायरी, ड्रमवाल्याचा स्वतःचा स्नेअर (मुख्य ड्रम) आणि झांजा लावण्यात वेळ जातो. हा सगळा उशीर शेवटच्या बँडच्या वाट्याला येतो, आणि शेवटचा बँड बहुधा मुंबईहून किंवा त्याहून लांबून आलेला पाहुणा असतो. अशाच एका जागी मुंबईच्या एका पंक बँडची अर्धी गाणीही झाली नव्हती, तोवर व्यवस्थापकाने घड्याळाकडे बोट दाखवले आणि ध्वनियंत्रणा बंद झाली. ज्यांच्यासाठी आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाहून आलो होतो, ते वायरी गुंडाळू लागले.

पंकच्या बाबतीत ही काटछाट अधिक जिव्हारी लागते, कारण त्यातली गाणी मुळातच आखूड असतात. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडच्या १९७६ सालच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपतो. त्यामुळे वीस मिनिटे गेली तर दोन-तीन गाणी गेली असे होत नाही, जवळजवळ अर्धा कार्यक्रम जातो, आणि जातो तोही ज्या भागासाठी बँडने दम राखून ठेवलेला असतो तो. हे संगीत न्यूयॉर्कच्या ज्या सीबीजीबी नावाच्या क्लबमध्ये वाढले, ती १९७३ ते २००६ चाललेली जागाही एक लांबट, अरुंद, बंद खोलीच होती, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

बंद खोलीत, विशेषतः नाटकाच्या सभागृहात, वेळेची शिस्त जागेच्याच अंगवळणी पडलेली असते. तिसरी घंटा ऐकून वाढलेली माणसे ती जागा चालवतात आणि त्यांना आठ म्हणजे आठच कळते. मला तरी तिथे पाहुण्या बँडचे शेवटचे गाणे चुकल्याचे आठवत नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल, आणि स्टुडिओतले कार्यक्रम कधी कधी रेंगाळतात हेही मान्य केले पाहिजे. पण तिथला उशीर कोणाची गाणी कापत नाही.

आणखी एक बाब तरुण वाचकांसाठी सांगतो. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा असल्याने अनेक बार वयाचा पुरावा पाहूनच आत सोडतात. अकरावी-बारावीतली जी मुले स्वतः बँड बांधण्याच्या खटपटीत असतात, त्यांना हे संगीत समोरून पाहण्याची संधी बंद खोलीतच मिळते. जाण्यायेण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. वनाज-रामवाडी मेट्रोने बंडगार्डन किंवा कल्याणीनगरला उतरून पुढे रिक्षा करता येते; परतीचे मात्र आधी ठरवून ठेवावे.

तरीही उघड्या जागीच जायचे ठरले, तर तिकीट काढण्यापूर्वी आयोजकांना बँडचा क्रम विचारावा. आपला बँड दुसरा असेल तर निर्धास्त जावे. तो तिसरा असेल आणि त्याच आठवड्यात एखाद्या बंद खोलीतही वाजवणार असेल, तर मी तिथले तिकीट काढीन.