प्लायचा वॉफल की बांबूची जाळी? स्टुडिओचा मांडव कशाचा करावा

कॉलेजातल्या डिजिटल डिझाइनच्या स्टुडिओत, म्हणजे मुलं करून शिकतात त्या वर्गात, सत्राच्या शेवटी आवारात एक मांडव उभा करायचाच, इथपर्यंत तुमचं ठरलं असेल तर पुढचा प्रश्न मटेरियलचा. नागपुरात हाताशी दोन वाटा आहेत. लकडगंजच्या लाकूडबाजारातून प्लाय आणून सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाइलप्रमाणे कापणाऱ्या मशीनवर, कापायचा आणि उभे-आडवे तुकडे खाचेत खाच अडकवून वॉफल, म्हणजे चौकटी-चौकटींचा सांगाडा, उभारायचा. नाहीतर मानवेलाच्या पट्ट्या काढून त्यांची जाळी जमिनीवर बांधायची आणि वाकवत वर उचलायची. मी लागोपाठच्या दोन वर्षी दोन्ही करून पाहिलंय.

प्लाय शिस्त लावतो, हे मान्यच. ग्रासहॉपर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली रेघ जशीच्या तशी हातात येते. 8 बाय 4 फुटांच्या शीटवर तुकडे बसवताना वाया जाणारं लाकूड मुलांना डोळ्यांनी दिसतं. राउटरचा गोल बिट (कापणारं पातं) खाचेचा आतला कोपरा काटकोनात काढू शकत नाही, तिथे थोडं जास्त कोरावं लागतं, हे मशीनसमोर एकदाच कळतं आणि कायमचं कळतं. पोर्टफोलिओतही वॉफल देखणा दिसतो.

माझं घोडं अडलं ते प्लायच्या जाडीवर. वॉफलमध्ये खाचेची रुंदी म्हणजे समोरच्या प्लायची जाडी. आम्ही 12 मिलीमीटर धरून सगळी फाइल केली. ऑगस्टचा पाऊस, तुकडे कापून आले, जोडायला घेतले तर निम्मे आत जाईनात आणि काही खडखड हलायला लागले. जाडी मोजायचा कॅलिपर लावला: एक शीट 11.5, दुसरी 12.3. एका मुलीने लाकडी हातोडीने तुकडा ठोकला, तर खाचेच्या कडेचा वरचा पापुद्राच उचकटला. तिने तो बोटाने दाबून धरला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मग पॉलिश पेपर, कानस, आणि पुन्हा कापायला मशीनवाल्याकडे नंबर. चार दिवस मुलं नुसती बसून होती. आधी वेगवेगळ्या रुंदीच्या खाचांची एक चाचणी-पट्टी कापून घ्यायला हवी होती, हे खरं. पण शीटगणिक जाडी बदलत असेल तर तीही कितपत पुरली असती, शंका आहे.

बांबूत ही फसगत होत नाही, कारण दोन पट्ट्या सारख्या नसतात हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून आम्ही आधी मोजायला बसलो. जमिनीवर खडूने वेगवेगळ्या त्रिज्येचे कंस काढले आणि प्रत्येक गटाने आपल्या पट्ट्या त्यावर वाकवल्या. 10 मिलीमीटर जाडीची पट्टी पाऊण मीटर त्रिज्येच्या आसपास पेराशी करकरायची. तो आकडा मुलांनी मॉडेलमध्ये घातला, कांगारूमध्ये (ग्रासहॉपरला जोडायचं, वस्तू कशी वाकेल ते दाखवणारं प्लगइन) जाळी पुन्हा उचलली, आणि स्वतःच घुमट थोडा बसका केला. मदतीला आलेले बुरूड काका म्हणाले, "सर, पोरायले सांगा, वाकवाच्या आधी पट्ट्या भिजवा लागते." दुसऱ्या दिवशी भिजवलेल्या पट्ट्यांचा आकडा वेगळा आला. मुलांनी दोन्ही लिहून ठेवले.

जर्मन आर्किटेक्ट फ्राय ऑटोंनी जर्मनीतल्या मानहाइमला 1975 च्या उद्यान-प्रदर्शनासाठी लाकडी पट्ट्यांची जाळी अशीच जमिनीवर सपाट बांधून मग वर ढकलली होती. आमची जाळी त्या मानाने खेळणं; पण ती उचलताना चोवीसच्या चोवीस मुलांचे हात लागले होते.

बांबूची कटकट नाही असं नाही. सांधे बांधायला वेळ लागतो, सुतळी सैल पडते, कुसळं हातात घुसतात. तुमच्याकडे स्वतःचं राउटर असेल आणि विषय अचूक सांध्यांचाच असेल, तर प्लाय घ्या, मी अडवणार नाही. मशीन बाहेरचं असेल आणि हाताशी जेमतेम सहा आठवडे असतील, तर मला विचाराल तर बांबू. शक्यतो हिवाळ्यात तोडलेला मागा, त्याला भुंगा कमी लागतो. आणि पट्ट्या बुडतील एवढी लांब टाकी आधी शोधून ठेवा. आम्हाला शेवटी ताडपत्रीचा हौद करावा लागला होता.