पॉल करी यांचा ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चार-सहा माणसांसमोर, एकाच टेबलाशी बसून मेंटॅलिझम, म्हणजे मनातले ओळखल्याचा आभास निर्माण करणारी जादू, सादर करायचा असेल, तर पत्त्यांचा कोणता प्रयोग निवडावा, या प्रश्नाचे माझे उत्तर आता बरेचसे ठरले आहे. गेले काही महिने साखरपुडे, लग्नाचे वाढदिवस, साठीशांत अशा घरगुती समारंभांत मी प्रामुख्याने पॉल करी यांचा ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ हाच प्रयोग करत आहे. त्याचे रहस्य मी येथे उघड करणार नाही. प्रेक्षकाला काय दिसते, त्याच्या मनात काय घडते आणि सादर करणाऱ्याला काय सांभाळावे लागते, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

व्यवसायाने जादूगार नसलेल्या करी यांचा हा प्रयोग १९४२ साली जादूगारांपुढे आला आणि आजही जगभर केला जातो. टेबलावर एक लाल आणि एक काळे पान उघडे ठेवले जाते. बाकीची पाने पालथी असतात आणि प्रत्येक पान लाल वाटते की काळे, हे प्रेक्षक केवळ मनाच्या कौलाने सांगतो; ते पान तसेच पालथे त्या रंगाच्या उघड्या पानाखालच्या रांगेत ठेवले जाते. निम्म्या वाटेवर उघड्या पानांच्या जागा बदलून पुन्हा तसेच चालू राहते. शेवटी दोन्ही रांगा उलटल्या, की बदाम-चौकट एकीकडे आणि इस्पिक-किलवर दुसरीकडे, अशी बिनचूक विभागणी समोर येते. संपूर्ण कॅटातील २६ लाल आणि २६ काळी पाने अशी निव्वळ योगायोगाने वेगळी होण्याची शक्यता सुमारे ४९६ लाख कोटींत एक आहे. हा आकडा मी प्रेक्षकांना कधीच सांगत नाही, कारण त्या क्षणी त्यांना गणित नको असते. आपण पान न पाहता हे कसे ओळखले, हेच त्यांना स्वतःला विचारायचे असते.

याच कारणासाठी मी इतर दोन नावाजलेले पर्याय मागे ठेवले. जो बर्ग यांनी १९३६ साली आणलेला ‘अल्ट्रा मेंटल’, जो पुढे ‘इनव्हिजिबल डेक’ या नावाने लोकप्रिय झाला, अतिशय प्रभावी आहे: प्रेक्षक मनात येईल ते पान सांगतो आणि कॅटात नेमके तेच एक पान उलटे निघते. परंतु त्याला लागणारा कॅट खास बनवलेला असतो आणि तो प्रेक्षकाच्या हाती देता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तेथे आधीच सर्व जाणणारा सादरकर्ताच केंद्रस्थानी राहतो. डेव्हिड बर्गलस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात एकाने सांगितलेले पान दुसऱ्याने सांगितलेल्या क्रमांकावर सापडते. जाणकारांना तो डोक्यावर घेण्याजोगा वाटतो आणि ते योग्यच आहे, पण बदामाची सत्ती सतराव्या क्रमांकावर निघाली याने नवविवाहित जोडप्याला किंवा आजी-नातीला एकमेकांविषयी काही वाटावे, असे त्यात काही नाही. करी यांच्या प्रयोगात मात्र जे घडते ते प्रेक्षकाच्या निर्णयांतून घडताना दिसते, आणि त्यामुळे त्याला जो अर्थ द्यावा तो त्याच्या आयुष्याशी सहज जोडला जातो.

तो अर्थ देण्याच्या पद्धतीवर मी या महिन्यांत सर्वाधिक विचार केला. ‘आज तुमचे नशीब किती जोरावर आहे ते पाहू’ अशी प्रस्तावना केली, तर प्रयोग रंगतो, पण हलकाच राहतो. त्याऐवजी ‘ज्यांच्या सल्ल्यावर तुमचा आजवर सर्वांत अधिक भरवसा बसला, अशी एक व्यक्ती मनात आणा, प्रत्येक पानापाशी ती काय म्हणाली असती ते ऐका आणि तसे सांगा’ एवढेच म्हटले, की माणसाचा वेग बदलतो, चेहरा बदलतो आणि आजूबाजूची कुजबुज आपोआप थांबते. दोघांचा प्रयोग असेल, तर एकाने पान हातात धरायचे आणि दुसऱ्याने रंग सांगायचा, अशी वाटणी मी करतो. एका साठीशांतीत यजमान काकांनी पाने धरली आणि काकू रंग सांगत गेल्या. मध्ये एका पानापाशी काका स्वतःहून म्हणाले, ‘हे काळं नाही गं, थांब जरा.’ काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि ठामपणे काळेच सांगितले. रांगा उलटल्यावर ते पान काळे निघाले, तेव्हा सगळ्या खोलीने त्या दोघांकडे पाहिले. माझ्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. जवळून केलेल्या मेंटॅलिझमकडून मला याहून अधिक काही अपेक्षित नाही.

येथे एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो. मनातली व्यक्ती हयात आहे की नाही हे मी विचारत नाही, आणि ती ‘येथे आली’, ‘तिने कौल दिला’ अशी भाषा कधीही वापरत नाही. नुकतेच दुःख झालेल्या घरात तर ही प्रस्तावनाच करत नाही. ज्या महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हातचलाखीचे प्रयोग करून बुवा-बाबांचे चमत्कार उघडे पाडले आणि २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे मेंटॅलिझम करणाऱ्याने ‘ही कला आहे, शक्ती नव्हे’ हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. तसे सांगितल्याने परिणाम कमी होतो, ही भीती माझ्या अनुभवात निराधार ठरली आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. संपूर्ण कॅट वाटत बसलो, तर प्रयोग लांबतो आणि मध्यावर प्रेक्षकांचे लक्ष ढळते. म्हणून मी १२ लाल आणि १२ काळी पानेच वापरतो. तेवढ्यातही योगायोगाची शक्यता सुमारे २७ लाखांत एक उरते आणि पाहणाऱ्याला परिणामात काहीही उणे वाटत नाही. दोन रांगा मांडायला मोकळे टेबल लागते. त्यामुळे बुफेच्या रांगेत किंवा उभ्या पाहुण्यांसमोर तो करता येत नाही, आणि डीजेच्या आवाजात तर करूच नये. एकाच बैठकीत पुन्हा करण्याचा आग्रह होतो. तो नम्रपणे नाकारावा. प्रयोगाला मुद्दाम अडवण्यासाठी सगळी पाने एकाच रंगात टाकणारा एखादा भेटतोच, म्हणून रंग सांगण्यासाठी पटकन निर्णय घेणारी आणि बाकीच्यांना प्रिय असलेली व्यक्ती निवडणे श्रेयस्कर. घरातली मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन खेळणारी वडीलधारी मंडळी या कामी सर्वांत उत्तम, कारण पत्ते त्यांच्या हाताला परके नसतात आणि आपल्या अंदाजावर त्यांचा विश्वास असतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने अवघड हातचलाखी येत नाही म्हणून या प्रयोगापासून दूर राहू नये. त्यात बोटांपेक्षा बोलण्याची तयारी अधिक लागते, आणि उघड्या पानांच्या जागा बदलण्याचा तो मधला क्षण कोणालाही खटकणार नाही इतका सहज होईपर्यंत घरच्यांसमोर सराव करावा लागतो. त्या क्षणी मी पाने धरणाऱ्या व्यक्तीला काहीतरी खरेखुरे विचारतो, उदाहरणार्थ आतापर्यंत कोणत्या पानाविषयी सर्वांत खात्री वाटली, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतो. हे विचारणे लक्ष वळवण्यापुरते ठेवू नये. शेवटी नेमके तेच पान प्रथम उलटायला सांगितले, तर उलगडा अधिक परिणामकारक होतो.

पत्त्यांविषयी थोडे: ५७ मिलिमीटर रुंदीचा ब्रिज आकार वृद्धांच्या हातात ६३ मिलिमीटरच्या पोकर आकारापेक्षा चांगला बसतो आणि रांगाही कमी जागेत मावतात. कागदी पाने पावसाळ्यात दमट होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून जून ते सप्टेंबर मी दोन कॅट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि प्रयोगाच्या दिवशीच बाहेर काढतो. प्लॅस्टिकचे पत्ते दमटपणाला दाद देत नाहीत, पण गुळगुळीत टेबलावर त्यांच्या रांगा घसरतात; ते वापरायचेच असतील, तर खाली जाडसर कापड अंथरावे.